गोळ्या दवाखान्याच्या, धीर घराचा

क्षयरोगाला आपल्याकडे किती टोपणनावं आहेत पाहा! ‘छातीत जरा कमजोरी आहे’, ‘अंगात बारीक ताप असतो’, ‘खाल्लेलं अंगी लागत नाही’, ‘इथली हवा मानवत नाही’. खरं नाव मात्र कुणी घेत नाही. आणि एचआयव्हीची तर गोष्टच सोडा. तिथे टोपणनावसुद्धा नाही. नुसती मान हलवायची, आवाज खाली आणायचा आणि विषय बदलायचा. मुलीच्या मावशीला कधीकाळी क्षय झाला होता, एवढी गोष्टसुद्धा लग्नाच्या बोलण्यात दडवून ठेवणारी घरं आजही आपल्या गावांत आहेत.

मैत्रिणींनो, या दोन रोगांना आवर घालण्यासाठी सरकार, डॉक्टर, संशोधक गेली साठ-सत्तर वर्षं काय काय करत आले, ते नीट पाहिलं की एक गोष्ट ध्यानात येते. योजना दिल्लीत ठरो की जिनिव्हात, तिची शेवटची पायरी आपल्या उंबरठ्याशीच येऊन थांबते. गोळी दवाखान्यातून फुकट मिळते. पण खोकणाऱ्या बाईला तपासायला कोण नेणार, रोजची गोळी घेतली की राहिली, तिच्या ताटात काय पडणार आणि ती या घरात राहणार की माहेरी जाणार, हे सगळं घरातच ठरतं.

आधी थोडी ओळख

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉक या जर्मन शास्त्रज्ञानं २४ मार्च १८८२ रोजी जगापुढे मांडला. म्हणून २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन. पण जंतू सापडला म्हणजे औषध सापडलं असं नाही. आपल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी अमेरिकेतून पदवी घेऊन परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयानंच गेल्या. वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. जंतूचं नाव ठाऊक होतं, पण त्याला मारणारी गोळी जगात कुठेच नव्हती. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडलं आणि आयसोनायझिड १९५२ मध्ये वापरात आलं. तेव्हापासून क्षय हा बरा होणारा रोग झाला.

तरीही आज जगातल्या दर चार क्षयरुग्णांमागे एक आपल्या देशात आहे. का? एक तर हा जंतू हवेतून पसरतो. उपचार न घेणारा फुप्फुसाच्या क्षयाचा रुग्ण खोकतो, शिंकतो, मोठ्यानं बोलतो, तेव्हा बारीक तुषार हवेत तरंगतात आणि बंद खोलीत ते बराच वेळ राहतात. असा एक रुग्ण वर्षभरात दहा-पंधरा जणांना लागण देऊ शकतो. लागण झालेल्या प्रत्येकालाच रोग होतो असं मात्र नाही. शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच तो आयुष्यात कधीतरी होतो. बाकीच्यांच्या शरीरात जंतू झोपून राहतो. माणूस खंगला, त्याला मधुमेह झाला, किंवा एचआयव्हीनं त्याची प्रतिकारशक्ती खाल्ली, की हा झोपलेला जंतू उठतो.

ताटवाटी, कपडे, साबण, बिछाना यांतून क्षय पसरत नाही. हाडांचा, मणक्याचा, गर्भाशयाचा क्षय सहसा दुसऱ्याला लागत नाही. गर्भाशयाच्या क्षयाबद्दल आवर्जून सांगायला हवं. मूल होत नाही म्हणून वर्षानुवर्षं बोलणी खाणाऱ्या काही बायकांच्या दुःखामागे हाच न ओळखलेला क्षय असतो. तेव्हा नवससायास जरूर करा, पण तपासणीही करून घ्या.

घर हाच दवाखाना

पूर्वी क्षय म्हटला की आरोग्यधाम. डोंगराची नाही तर माळाची मोकळी हवा, अंडी-दूध, आणि महिनोन् महिने सक्तीची विश्रांती. आपल्याकडेही मिरजेजवळ वानलेसवाडीला असं आरोग्यधाम होतं. पण लाखो रुग्णांना पुरतील इतक्या खाटा आणायच्या कुठून?

या प्रश्नाचं उत्तर मद्रासमध्ये मिळालं. १९५६ साली तिथे क्षयरोगाच्या औषधोपचारासाठी एक केंद्र सुरू झालं. तिथल्या डॉक्टरांनी एकशे नव्वदच्या आसपास गरीब रुग्ण घेतले. निम्म्यांना आरोग्यधामात ठेवलं आणि निम्म्यांना घरीच ठेवून तीच औषधं दिली. घरं म्हणजे एका खोलीत सहा-सात माणसं, जेवण बेताचं, पोटासाठी काम सुटत नाही. निकाल १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाअखेर घरी राहिलेले रुग्ण आरोग्यधामातल्या रुग्णांच्या जवळपास बरोबरीनं सुधारले होते. दुसरी गोष्ट तर त्याहून महत्त्वाची. पुढे पाच वर्षं दोन्हीकडच्या कुटुंबांवर लक्ष ठेवलं, तेव्हा रुग्ण घरात राहिला म्हणून घरातल्यांना क्षय जास्त झाला, असं दिसलं नाही. औषध नियमित सुरू झालं की जंतूंचा जोर झपाट्यानं ओसरतो. घरच्यांना जो धोका व्हायचा तो बहुतेक औषध सुरू होण्यापूर्वीच होऊन गेलेला असतो.

या एका प्रयोगावर साऱ्या जगाची रीत बदलली. आपल्या देशाचा क्षयरोग कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला, तो घरी राहून घ्यायच्या उपचारांच्या पायावरच.

आणि आपण काय करतो? मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेत पाचवीत एक मुलगी होती. तिची आई तीन महिने खोकत होती. मग कधीतरी तपासणी झाली, क्षय निघाला, गोळ्या सुरू झाल्या. घरी आधी तिची ताटवाटी वेगळी झाली, मग अंथरूण वेगळं झालं, आणि शेवटी सासूबाई म्हणाल्या, “जाऊ दे चार दिवस माहेरी, अंगात भरलं की आणू.” बाई गेली माहेरी, कार्ड राहिलं इकडच्या दवाखान्यात. तिकडे ताप उतरला, बरं वाटायला लागलं आणि दोन महिन्यांनी गोळ्या सुटल्या. पुन्हा ताप आला तेव्हा नेहमीच्या गोळ्यांना जंतू जुमानत नव्हते. पुढे दीड वर्ष उपचार चालले. बाई वाचली. पण मुलगी सातवीत गेली, तेव्हा कुठे आई घरी आली. घरच्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. नातवंडांना लागू नये, एवढाच विचार. पण मद्रासच्या त्या निकालातली गोष्ट या घरापर्यंत साठ वर्षांतही पोचली नव्हती, त्याचं काय करायचं?

सहा महिने म्हणजे सहा महिने

साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन. २०१७ पासून आपल्याकडे ही औषधं रोज घ्यायची पद्धत आली. त्याआधी आठवड्यातून तीनदा देत.

तीन-चार आठवड्यांत ताप जातो, भूक लागते, चेहरा उजळतो. इथेच घात होतो. “आता बरी आहे की मी, कशाला पोटात ढीगभर गोळ्या?” बायांनो, विरजणाचं भांडं आठवा. भांड्याच्या कडेला चमचाभर दही राहिलं तरी नवं दूध सकाळपर्यंत विरजतंच ना? तसंच हे. उरलेसुरले जंतू पुन्हा वाढतात, आणि या खेपेला ते औषधाला सरावलेले असतात. अशा हट्टी क्षयासाठी पूर्वी दीड-दोन वर्षं औषधं आणि महिनोन् महिने इंजेक्शनं असत. आता निवडक रुग्णांसाठी सहा महिन्यांचा, फक्त गोळ्यांचा उपचार आला आहे. सरकारनं त्याला २०२४ मध्ये मंजुरी दिली. पण ती वेळ येऊच न देणं शहाणपणाचं.

गोळ्या सुरू झाल्यावर काय होतं, हे आधी माहीत असलं की घाबरगुंडी उडत नाही. रिफॅम्पिसिन या औषधानं लघवी लालसर-नारिंगी होते. ते रक्त नव्हे. याच औषधानं संततिनियमनाच्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो. ही गोष्ट बाईला कित्येकदा कुणी सांगतच नाही. म्हणून उपचाराच्या काळात डॉक्टरांना विचारून दुसरं साधन वापरावं. डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबत नसल्या, दिसण्यात किंवा रंग ओळखण्यात फरक पडला, तर मनानं गोळ्या बंद न करता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

ताटातलं औषध

मद्रासच्या प्रयोगात जेवण बेताचं असूनही औषधानं रुग्ण बरे झाले. मग खाण्यापिण्याला काही अर्थच नाही की काय? आहे, आणि फार मोठा आहे. झारखंडमध्ये २०१९ पासून केलेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निकाल २०२३ मध्ये आले. सुमारे २८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली दहा हजारांवर माणसं त्यात होती. सगळ्या रुग्णांना दरमहा तांदूळ, डाळ, दूधभुकटी आणि तेल असा शिधा दिला. निम्म्या घरांत रुग्णाबरोबर इतरांनाही माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तिथे नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. आणि ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत नीट वाढलं, त्यांच्या मृत्यूचं प्रमाणही कितीतरी कमी राहिलं.

डाळ-तांदूळ, बाकी काही नाही! बदाम नकोत की डब्यातल्या महागड्या पावडरी नकोत. आता आपल्या घरातल्या पंगतीकडे पाहा. आधी पुरुष, मग मुलं, मग सासूबाई, आणि पातेल्याच्या तळाशी उरलं असेल ते आपण. डाळ संपली तर चटणी-भाकरी. वर “मला कुठे भूक असते फारशी” हे ठेवणीतलं वाक्य. रुग्ण घरात असताना ती शुश्रूषा करणारी बाईच रुग्णाच्या सर्वांत जवळ असते आणि तिचंच ताट सर्वांत रिकामं असतं. रोज एक वाटी घट्ट वरण किंवा उसळ, शेंगदाणे, जमल्यास अंडं नाही तर दूध, हे तिच्याही वाट्याला आलंच पाहिजे. हे लाड नव्हेत, हा रोगाला घातलेला बांध आहे.

क्षयरुग्णाच्या आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून सरकार उपचार चालू असेपर्यंत बँकेच्या खात्यात पैसे भरतं. २०१८ मध्ये दरमहा ५०० रुपयांनी सुरुवात झाली आणि नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० रुपये झाले. बाईचं स्वतःचं खातं नसेल तर उघडून घ्या.

एचआयव्हीचं काय?

आपल्या देशात एचआयव्ही प्रथम १९८६ मध्ये सापडला. चेन्नईच्या डॉक्टर सुनीती सॉलोमन यांच्या देखरेखीखाली ती तपासणी झाली होती. तेव्हा सगळे म्हणत, हा ‘तसल्या’ बायकांचा आणि ट्रकवाल्यांचा रोग, घरंदाज बाईचा त्याच्याशी काय संबंध? या समजाला पुण्यातूनच धक्का बसला. १९९३ ते १९९६ या काळात पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यांतल्या ३९१ जणी देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या. बहुतेक विवाहित, नवऱ्याखेरीज दुसऱ्या पुरुषाशी संबंध नसलेल्या. त्यांतल्या शंभरात सुमारे चौदा जणींना एचआयव्हीची लागण निघाली. हा आकडा दवाखान्यात आलेल्या बायकांचा आहे, सगळ्या गावाचा नव्हे. पण मंगळसूत्र म्हणजे लस नाही, हे त्यानं स्पष्ट दाखवलं. बाई स्वतः कशी वागते एवढ्यावर तिची सुरक्षितता ठरत नाही.

एकत्र जेवल्यानं, एका न्हाणीघरात अंघोळ केल्यानं, डास चावल्यानं एचआयव्ही होत नाही. तो शरीरसंबंधातून, दूषित रक्त वा सुईतून आणि आईकडून बाळाला होतो. इतकंच. एकेकाळी त्याचं निदान म्हणजे मरणाची चिठ्ठी होती. १ एप्रिल २००४ पासून सहा राज्यांतल्या आठ सरकारी रुग्णालयांत त्याची औषधं फुकट मिळू लागली. आपला महाराष्ट्र त्यांत होता. २०१७ पासून तर निदान होताच प्रत्येकाला औषध सुरू करायचं धोरण आलं. हे औषध रोगाचं मूळ उपटत नाही, ते जन्मभर घ्यावं लागतं. पण वेळेवर सुरू करून नेमानं घेणारी माणसं नोकरी करतात, मुलांची लग्नं करतात, नातवंडं खेळवतात.

याच औषधाचा दुसरा गुण २०११ मध्ये एका मोठ्या अभ्यासातून सिद्ध झाला. नऊ देशांतली १७६३ जोडपी त्यात होती आणि त्यांतली काही पुण्याची नि चेन्नईची. दोघांपैकी एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही. ज्यांनी लवकर औषध सुरू केलं, त्यांच्याकडून जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटलं. औषधानं रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका खाली गेला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो पसरत नाही, हे आता जगभर मान्य झालं आहे. त्या पातळीला येईपर्यंत निरोध हवाच. आईला औषध मिळालं तर बाळाला लागण होण्याचा धोका शंभरात पाचाच्याही खाली येतो. औषध नसेल तर तो पंधरा ते पंचेचाळीसपर्यंत जातो. म्हणून दिवस गेल्यावर सुरुवातीच्याच तपासणीत ही चाचणी करून घ्यावी, आणि एकटीनं नव्हे, नवऱ्यालाही बरोबर न्यावं. नेहमी काय होतं? चाचणी सुनेची होते, म्हणून दोषही सुनेच्याच माथी येतो. नवऱ्यानं चाचणी करून घेतलेलीच नसते.

दोन्ही चोर एकाच दारानं

क्षय आणि एचआयव्ही यांची जोडी फार वाईट. एचआयव्ही असलेल्या माणसात झोपलेला क्षयाचा जंतू इतरांपेक्षा कितीतरी पट सहज उठतो, आणि एचआयव्ही असलेल्यांच्या मृत्यूचं जगातलं सर्वांत मोठं कारण क्षयच आहे. म्हणून आता दोन्ही कार्यक्रमांनी हात मिळवले आहेत. क्षयाच्या प्रत्येक रुग्णाला एचआयव्हीची चाचणी सुचवतात. ही चारित्र्याची चौकशी नव्हे, मास्तर सगळ्यांचीच हजेरी घेतात तशी ही हजेरी आहे. आणि एचआयव्हीच्या रुग्णाला प्रत्येक भेटीत चार प्रश्न विचारतात. खोकला आहे का? ताप? वजन घटतंय? रात्री घाम सुटतो? एकाचं जरी उत्तर ‘हो’ आलं, तरी क्षयाची तपासणी. क्षय नसेल तर तो होऊ नये म्हणून प्रतिबंधक गोळ्या. दोन्ही रोग असतील तर आधी क्षयाचं औषध आणि पाठोपाठ एचआयव्हीचं. दोन्ही औषधांचं एकमेकांशी पटवून द्यावं लागतं, म्हणून दोन्हीकडच्या डॉक्टरांना सगळं सांगायचं, काही लपवायचं नाही.

क्षयरुग्णाच्या घरातल्या माणसांनाही तपासून प्रतिबंधक गोळ्या देण्याचं धोरण आहे. पूर्वी त्या पाच वर्षांखालच्या मुलांनाच मिळत, २०२१ पासून मोठ्यांनाही. तेव्हा आरोग्यसेविका दाराशी आली की “आमच्याकडे कुणी आजारी नाही हो” म्हणून दार लावू नका. तिला बसवा, चहा द्या आणि घरातल्या सगळ्यांची नावं सांगा.

कायदा आपल्या बाजूला आहे

एचआयव्हीसंबंधी २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीवाचून चाचणी करता येत नाही, निदान जगजाहीर करता येत नाही. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचं घर कुठेही भेदभाव करता येत नाही. आणि एक कलम तर आपल्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. एचआयव्ही असलेल्या व्यक्तीला ज्या घरात ती इतरांबरोबर राहते, त्या घरात राहण्याचा हक्क आहे. तिला घरातून किंवा घराच्या एखाद्या भागातून बाहेर काढता येत नाही. नवरा गेल्यावर ‘तूच खाल्लंस माझ्या मुलाला’ म्हणून रस्त्यावर काढलेल्या सुनांसाठी हे कलम आहे. ते माहीत असू द्या. वेळ आपल्यावर आली नाही तरी शेजारणीला सांगायला उपयोगी पडेल.

घरात एवढं जरूर करा

– दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, घटणारं वजन, रात्रीचा घाम यांपैकी काहीही असलं तरी सरकारी दवाखान्यात तपासणी करा. ती फुकट असते.

– थुंकीच्या तपासणीला नुसती लाळ चालत नाही. सकाळी उठल्यावर चूळ भरून, दीर्घ श्वास घेऊन, खोलवर खोकून आलेला बेडका द्यावा. बायका लाजून लाळ देतात आणि रोग सापडत नाही. मोकळ्या जागी, चारचौघांपासून बाजूला जाऊन बेडका काढावा.

– जंतू आहे का आणि तो औषधाला दाद देईल का, हे आता यंत्रावर काही तासांत कळतं. ‘ट्रूनॅट’ हे असंच एक यंत्र गोव्यात तयार होतं. त्याच्या चाचण्यांना २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं मान्यता दिली. मात्र क्षयाच्या निदानासाठी रक्तातल्या अँटिबॉडीची चाचणी कुणी करायला सांगितली, तर नाही म्हणा. ती फसवी असल्यामुळे २०१२ मध्येच तिच्यावर बंदी आली आहे.

– खिडक्या उघड्या ठेवा. वारा खेळता राहिला की जंतू विरतात. रुग्णानं खोकताना तोंडावर रुमाल धरावा, सुरुवातीचे काही आठवडे मास्क वापरावा. ताटवाटी वेगळी करण्याची गरज नाही.

– अंगावर पिणारं बाळ असेल तर क्षयाचा उपचार घेणाऱ्या आईनं मास्क लावून दूध पाजावं, बाळाला तोडू नये. बाळासाठी प्रतिबंधक औषध डॉक्टरांना विचारावं. जन्मताच टोचलेली बीसीजी लस बाळाला मेंदूच्या क्षयापासून चांगलं वाचवते, पण ती जन्मभर पुरत नाही.

– गोळी एका ठरलेल्या वेळी द्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करा. दूध आणि गॅस सिलेंडरची नोंद ठेवतो ना, तशी.

– गाव बदलावं लागलं तर आधी दवाखान्यात सांगा. निक्षयच्या नोंदीवरून उपचार दुसऱ्या गावी पुढे चालू ठेवता येतो. माहिती हवी असल्यास क्षयासाठी १८००-११-६६६६ आणि एचआयव्हीसाठी १०९७ या क्रमांकांवर फुकट फोन करता येतो. नाव सांगावं लागत नाही.

शेवटी एकच. उद्या हळदीकुंकवाला किंवा भिशीला जमाल तेव्हा कुणीतरी हलक्या आवाजात म्हणेलच, “अगं, त्या अमकीला म्हणे तसलं काहीतरी झालंय.” तेव्हा आवाज न उतरवता विचारा, “गोळ्या सुरू झाल्या का तिच्या? जेवते का नीट? कुणी दवाखान्यात सोबत जातं का?” आणि कुणी जात नसेल, तर आपण जावं.